तेरचें चैत्य व तिबेटचे मठ

धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें त्रिविक्रमाचें विटांचें गजपृष्ठाकार देवालय आहे. तें मूळचें बौद्ध चैत्य, असें संशोधक मानतात. येथें वास्तु उरली, संघ उरला नाहीं. तिबेटी लोकांचें उलट झालें. इ. स. १९५९ च्या उठावानंतर वास्तु मागें राहिल्या. संघानें गांदेन व द्रेपुंग हे मठ कर्नाटकांत मुंडगोड येथें पुन्हां उभारले. आपलें राष्ट्र निराळें, या तिबेटी दाव्याचा खरा आधार आमच्या मतें मठांतील भाषा व कंजूर-तंजूर हे ग्रंथसंग्रह होत. दिङ्नागाचा प्रमाणसमुच्चय शतकानुशतकें तेथेंच भाषांतररूपें टिकला. धर्मानें केवळ शांतिच शिकविली, असें मात्र नव्हे. कित्येक भिक्षूंनीं व्रत सोडून शस्त्र धरलें. पुढें २७ सप्टेंबर १९८७ रोजीं ल्हासांत ध्वज घेऊन निघाले, तेहि द्रेपुंगचेच भिक्षु.