शिगेचे माप

गेल्या दिवाळीत घराची झाडलोट करताना माळ्यावर एक गंजलेले लोखंडी मापटे सापडले. मी ते भंगारात टाकायला निघाले, तेव्हा आजीने हातातून काढून घेतले. पदराने पुसले आणि समोरच्या जोंधळ्याच्या पोत्यात बुडवून ती मोजू लागली, "लाभ, दोन, तीन..."

"आजी, एक कुठं गेला?"

"धान्य मोजताना एक म्हणू नये बाई. पहिलं माप लाभाचं."

मग मी वही घेऊन तिच्याजवळ बसले. तिने सांगितलेले कोष्टक असे : दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. ही सगळी मापे भरून मोजायची. तराजू नसला तरी चालत असे, म्हणून ती खळ्यावर सोयीची. मात्र एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशी जुळेलच, असा नेम नव्हता.

जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजी शाळेची पायरी चढलेली नाही; तरी 'तीन दीडे साडेचार' हे तिच्या तोंडी माझ्या आधी येते. मला कौतुक वाटले. मी म्हटले, "केवढं छान होतं गं तुमचं!"

आजी हसली नाही. तिने मापटे भरले आणि वर दाण्यांचा निमुळता ढीग केला. "ही शीग," ती म्हणाली. मग काठावरून हात फिरवला. शीग खाली पडली. "आणि ही आमची मजुरी."

आजी दुसऱ्याच्या शेतात राबली. मजुरी धान्यात मिळे आणि ती हात फिरवून मोजलेली असे. आषाढात घरचे दाणे संपले की त्याच वाड्यातून उसने आणावे लागत. सुगीला ते सवाईने किंवा दिढीने फेडायचे. सवाई म्हणजे पायलीला सवा पायली, दिढी म्हणजे दीड. तीन पायल्या आणल्या तर साडेचार परत, आणि त्या शिगोशीग! पायली तीच, पण देताना एक आणि घेताना दुसरी. आजीची दिडकी कुठल्या शाळेत पाठ झाली, ते मला तेव्हा कळले.

पुढे वजनमापांसाठी १९५६ साली कायदा झाला. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. खेड्यांतल्या खळ्यांवर पायली त्यानंतरही बरीच वर्षे राहिली. भाषेत तर ती अजून आहे. 'पायलीचे पन्नास', 'शेरास सव्वाशेर', 'सोळा आणे खरे' हे आपण सहज बोलून जातो.

जुन्या काळाविषयी लिहिताना आपण हळहळतो. मीही तसाच लेख लिहिणार होते. 'लाभ' हा शब्द मला अजूनही गोड वाटतो. पण तो उच्चारणाऱ्यांपैकी लाभ कोणाला होत होता, हेही लिहिले पाहिजे असे आता वाटते.

हल्ली रेशनच्या दुकानात आकडे दाखवणारा काटा असतो. आजीला आकडे वाचता येत नाहीत. मी सुट्टीत घरी असले की ती मला बरोबर नेते आणि काट्यासमोर उभी करून विचारते, "नीट बघ, काय दाखवतंय?" मी मोठ्याने वाचून दाखवते. घरी आल्यावर ती तेच धान्य पुन्हा आपल्या मापट्याने मोजते, दर मापाला शीग लावून. आता तिथे हात फिरवणारे कोणी नाही.