मज्जातंतूचे दार आणि विंचवाचे विष



सोयाबीनची सुडी उचलताना, वीटभट्टीवर किंवा दगडाच्या खाणीत विंचू चावला की आपण विचारतो, "फार दुखते काय?" हा प्रश्न अपुरा आहे. तो का, हे कळण्यासाठी मज्जातंतूचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे.

मज्जातंतूच्या बाहेर मिठातले सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दहापट असते. तंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. निरोप आला की दार उघडते, सोडियम आत घुसते, विजेचा धक्का पुढे सरकतो आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारास दार पुन्हा मिटते. हा व्यवहार हॉजकिन व हक्सले यांनी १९५२ साली माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून उलगडला. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या दारावर विषे दोन तऱ्हांनी हल्ला करतात. समुद्रातली शंकूच्या आकाराची गोगलगाय मासा पकडते, तेव्हा तिच्या विषातले काही छोटे प्रथिनतुकडे दाराच्या तोंडात बूच बसावे तसे बसतात. त्यांपैकी एकात अवघी २२ अमिनो आम्ले आहेत. तो स्नायूंची दारे अडवतो आणि मासा लुळा पडतो. दातांचा डॉक्टर जे बधिर करण्याचे औषध टोचतो, तेही सोडियमचे दारच अडवते, मात्र आतल्या बाजूने आणि थोड्या वेळापुरते.

आपला लाल विंचू नेमके उलटे करतो. त्याचे विष दार मिटू देत नाही. फाटकात धोंडा अडकावा तसे ते उघडेच राहते. मज्जातंतू थांबेनात, की शरीरात ॲड्रेनॅलिन व त्याच जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. दंशाच्या जागी बधिर करणारे इंजेक्शन दिले तर तिथले दुखणे थांबते. रक्तात गेलेले विष मात्र थांबत नाही.

हा पूर अडवण्याचा मार्ग दाखवला तो आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष मांडले. हे औषध मूळ दार मिटवीत नाही. पुढे रक्तवाहिन्यांवर पडणारा पुराचा मारा ते अडवते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. हे प्रमाण पुढे शंभरात चारांच्याही खाली आले. २०११ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे दाखवले. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या कामाची गोष्ट. आग फार होते, पण घाम नाही, उलटी नाही, अशा माणसाला बहुधा धोका कमी असतो. विंचू उतरवणाऱ्याचे नाव होते ते अशाच रुग्णांवर. ज्याला दरदरून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, त्याचे दुखणे थोडे असले तरी जीव धोक्यात आहे. लेकराच्या बाबतीत तर लक्षणांची वाट पाहू नये. म्हणून विचारा, "घाम आला काय? हातपाय गार आहेत काय?" आणि तडक दवाखाना गाठा.

मुकादमांना एक सांगणे आहे. दंश झालेल्या मजुराला पायी घरी पाठवू नका. गाडी द्या आणि त्या दिवसाची हजेरी कापू नका. हजेरी बुडेल या भीतीने मजूर दुखणे अंगावर काढतो, आणि औषधाची वेळ त्यातच निघून जाते.