टाळेबंदी आणि सायकल

कोरोनाच्या साथीमुळे २३ मार्च २०२० पासून मुंबईच्या लोकल थांबल्या. नंदाखाल, आगाशी, निर्मळ या विरारच्या पश्चिम पट्ट्यातील नोकरदारांसाठी हा मोठा फटका होता. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. १५ जूनला गाड्या पुन्हा धावू लागल्या, त्याही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. रोजगाराचे लांबचे अंतर सायकलने भागणारे नव्हते. मात्र वाड्यांमधून जाणारे इथले सपाट रस्ते बाजारहाट, दवाखाना आणि स्टेशनपर्यंतच्या फेऱ्यांना सोयीचे आहेत.

देशभर सायकलींची मागणी वाढली. मे २०२० मध्ये सुमारे ४.५७ लाख सायकली विकल्या गेल्या होत्या, सप्टेंबरमध्ये ११.२ लाख. २५ जूनला केंद्राने शहरांसाठी ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा जाहीर केली. तात्पुरत्या मार्गिका आखून पाहणे आणि सायकलस्वारांकडूनच रस्त्यांतील अडथळ्यांची पाहणी करून घेणे, हा तिचा सर्वांत मोलाचा भाग. निवडलेल्या ११ शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. बंगळुरूत ‘रिलीफ रायडर्स’ या स्वयंसेवी गटाने ज्येष्ठांना किराणा व औषधे सायकलवरून घरपोच दिली.