रागावलेली आई, धास्तावलेल्या बाई आणि मुख्याध्यापक

परिपाठ नुकताच संपला आहे. चौथीतल्या एका मुलाची आई ऑफिसच्या दारात येऊन चढ्या आवाजात सांगते, "सर, तुमच्या बाईंनी काल माझ्या पोराला अख्खा तास उन्हात उभं केलं." टेबलावर पोषण आहाराची नोंदवही उघडी आहे आणि केंद्रप्रमुखांचा 'माहिती तातडीने पाठवा' असा मेसेज येऊन पडला आहे. कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत घडू शकेल असा हा प्रसंग. 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणतात ती इथे नेमके काय काम करते, ते क्रमाने पाहू.

ही कल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडली. 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली, पण पोचवताना उत्साहापासून चिकाटीपर्यंत बरेच सद्गुण तिच्यात कोंबले. मला मूळ जोडगोळीची मांडणी जास्त कामाची वाटते. त्यांच्या मते हा गोड स्वभाव नव्हे, ही क्षमता आहे: भावना ओळखणे, विचारासाठी तिचा उपयोग करणे, ती कशातून आली हे समजणे आणि ती हाताळणे.

ओळखण्याची सुरुवात स्वतःपासून. आईचे वाक्य पुरे होण्याआधीच मुख्याध्यापकांच्या ओठांवर दोनपैकी एक वाक्य येते. एक, "आमच्या बाई तशा नाहीत." दुसरे, शिपायाला हाक: "बाईंना बोलाव रे!" पहिल्यात आई खोटी ठरते, दुसऱ्यात बाईंची पालकासमोर शोभा होते. दोन्ही वाक्ये साहेबांची स्वतःची अस्वस्थता लवकर मिटवण्यासाठी असतात, मुलासाठी नव्हे. एवढे त्या क्षणी ध्यानात आले तरी अर्धे काम झाले.

मग राग गिळून चेहरा कोरा ठेवायचा का? आपल्याकडे शांत मुख्याध्यापक म्हणजे हेच समजतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत मात्र वेगळे दिसले. भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांच्या शरीरातला ताण उलट वाढला. 2003 मध्ये एमिली बटलर, ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि तिच्याविषयी बोलायला बसवले. काही जोड्यांत एकीला भावना दाबून बोलायची गुपचूप सूचना होती. अशा जोड्यांत समोरच्या स्त्रीचाही रक्तदाब चढला. म्हणजे साहेब दगडासारखे बसून राहिले, तर आईचा आवाज आणखी चढणार.

ग्रॉस यांनी तपासलेला दुसरा मार्ग प्रसंगाचा अर्थ बदलून पाहण्याचा. 'ही शाळेवर चालून आली आहे' याऐवजी 'ही आजची मजुरी बुडवून आली आहे, म्हणजे रात्री घरी काहीतरी घडले असणार'. असा अर्थ लागला की प्रश्नही बदलतो: "बसा ताई. घरी आल्यावर तो काय म्हणाला?" बहुतेक वेळा उत्तरातून उन्हापेक्षा वेगळेच काही बाहेर पडते. पोरगा आता शाळेत यायला नको म्हणतो, किंवा आपल्यालाच का, असे विचारतो. रागाखाली भीती आहे हे आता दिसते. "तुम्हाला काळजी वाटणारच. मी आज बाईंशी बोलतो आणि उद्या सकाळी तुम्हाला सांगतो." बाई चुकल्या की नाही, यावर अजून एक शब्दही नाही.

बाईंशी बोलायचे ते एकट्यात, मधल्या सुट्टीत, दार लोटून. बाई आधीच धास्तावलेल्या असतात; आईला आत जाताना त्यांनी पाहिलेले असते. "काय झालं?" असे विचारून गप्प बसणे इथे फार उपयोगी पडते. वर्ग मोठा, तपासायच्या वह्यांचा ढीग, त्यात त्या पोराने बेंच आपटला. सगळे ऐकून घ्यावे.

इथेच कित्येक चांगले मुख्याध्यापक घसरतात. समजून घेतले म्हणजे पांघरूण घालणे आले, असे त्यांना वाटते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि उल्लंघन झाल्यास सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तेव्हा, "बाई, तुम्ही दमलात हे कळतं. उन्हात उभं करणं मात्र चालणार नाही, आणि हे मला लेखी नोंदवावं लागेल." पहिले वाक्य दुसऱ्याला मऊ करण्यासाठी नाही; दोन्ही खरी आहेत म्हणून दोन्ही बोलायची.

दुसऱ्या दिवशी आईला निरोप गेलाच पाहिजे. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोच्या शाळांचा अभ्यास करून 2002 मध्ये पुस्तक लिहिले. परस्परविश्वास भक्कम असलेल्या शाळांत वाचन-गणितात सुधारणा होण्याची शक्यता जास्त दिसली. हा विश्वास आदर, आपुलकी, कामातली पात्रता आणि बोलल्याप्रमाणे वागणे यांवर उभा असतो, असे त्यांनी मांडले. गोड बोलून निरोप विसरणारे साहेब शेवटच्या कसोटीत नापास.

हे सगळे करायला माणूस मोकळा हवा, आणि खरी अडचण तीच. शिक्षण हक्क कायद्याच्याच परिशिष्टात पाचवीपर्यंतच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेच्या वर पट असेल तरच. लहान शाळेत ज्येष्ठ शिक्षकच प्रभारी; स्वतःचा वर्ग, ऑनलाइन माहिती आणि तक्रारी एकाच अंगावर. दमलेल्या माणसाला प्रशिक्षणाची आणखी एक पुस्तिका देऊन हे जमणार नाही. केंद्रप्रमुखांनी एखादी 'तातडीची' माहिती दुपारपर्यंत थांबू दिली, तर जास्त फरक पडेल.

राहिल्या बाई. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात जाऊन बसायचे, लॉगबुक ऑफिसातच ठेवून, आणि तास संपला की बेंच आपटणाऱ्या पोराला कुठे बसवायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे.