सागरतीरीचे मालवण : जाळी, शाळा आणि रंगभूमी

पहाटेच्या अंधुक उजेडात मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या या लांबलचक जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात, आणि स्त्री-पुरुषांच्या दोन रांगा एकेक पाऊल मागे सरत ते ओढीत असतात. जाळे वाळूवर आले की मासळीचा लिलाव तेथेच होतो. आलेल्या पैशाचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा आणि दोराला हात लावणाऱ्याचा वेगळा. बांधावरून कोर्टात जाणारा अशी कोकणी माणसाची थट्टा नेहमी होते. परंतु रापणीच्या वाट्याचा हिशेब या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे.

ऊन वर आले की त्याच वाळूवर पर्यटकांच्या होड्या लागतात आणि सायंकाळी तेथेच मुलांचा क्रिकेटचा डाव रंगतो. कामाची जागा, खेळाचे मैदान आणि गावाचे अंगण असे तिहेरी काम एकाच वाळूच्या पट्ट्याकडून करून घेणे, हे किनाऱ्यावरच्या सहजीवनाचे मर्म आहे. ही वाटणी वेळेची असते, तशीच ऋतूंचीही असते.

ऋतूंचे वर्ष येथे नारळी पौर्णिमेला सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याच्या बांधकामास प्रारंभ केला, त्या सिंधुदुर्ग किल्ल्यातून मानाचे श्रीफळ वाजतगाजत येते आणि सागराला अर्पण होते. त्यानंतर बंदरावर नारळ लढविण्याचा खेळ सुरू होतो. नारळावर नारळ आपटावयाचा. ज्याचा फुटेल तो हरला. या खेळात आता स्त्रियांच्याही स्पर्धा होतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने सक्तीची विश्रांती घेतलेला किनारा या दिवशी पुन्हा जागा होतो.

दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर आणि नारायण यांच्या पालख्या गावभेटीस निघतात. पुढे जत्रांचे दिवस येतात व त्यांच्याबरोबर दशावतारही. दशावताराची मौज अशी की, त्याला लिखित संहिता नसते. नट आपली रंगभूषा स्वतः करतात, स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवितात आणि कथानक ठरले की संवाद रंगमंचावरच उत्स्फूर्तपणे बोलले जातात. देवळापुढील मोकळी जागा, एक बाक, मृदंग, पेटी व झांज एवढ्यावर रात्र जागते. आरंभी गणपती, सरस्वती आणि काळ्या वेषातील संकासुर येतात. संकासुराच्या वेळी पुढे बसलेली मुले पोट धरून हसतात, आणि मुख्य आख्यान सुरू झाल्यावर त्यांतील बरीचशी आईच्या मांडीवर झोपी जातात. पुराणातील व्यक्तिरेखांची पहिली ओळख मुलांना पाठ्यपुस्तकाआधी येथेच होते. मालवणी बोलीचे सामर्थ्य शहरी प्रेक्षकाला मात्र उशिरा कळले. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० मध्ये आले आणि मालवण तालुक्यातील रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजविले, तेव्हा ही बोली व्यावसायिक रंगभूमीवर मानाने उभी राहिली.

याच तालुक्यातील आचरे गावची ‘गावपळण’ तर नवख्याला अचंबित करणारी आहे. दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुरे-कोंबड्यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत राहतो. मूळ कारणाविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. त्या बाजूला ठेवल्या तरी लहानथोर सर्वांनी शेजारीशेजारी चुली मांडून राहण्याचा हा सोहळा सहजीवनाचा एक दुर्मीळ पाठ आहे.

शिक्षणाची आवड या भागाला नवीन नाही. मालवणचे टोपीवाला हायस्कूल व भंडारी हायस्कूल, स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय आणि नगर वाचन मंदिर यांनी ती जोपासली आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र विभागीय मंडळ झाले आणि दहावी-बारावीच्या निकालांत हे कोकण मंडळ राज्यात सातत्याने आघाडीवर राहिले आहे. मात्र या यशाला दुसरी बाजू आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथे ती घटली. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला मुलगा मुंबई-पुण्याची वाट धरतो, गणपतीला व आंगणेवाडीच्या जत्रेला चाकरमानी म्हणून येतो आणि परत जातो. गावातील शाळेचा पट त्यामुळे रोडावतो.

ही वाट थोपविण्याचे काम अलीकडे काही प्रमाणात पर्यटनाने केले आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेला हा जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि २०२१ मध्ये चिपी येथून विमानसेवा सुरू झाली. तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या तरुणांचे वडील-आजोबा मासेमारी करीत, त्यांतील अनेकजण आज पर्यटकांना समुद्रतळाचे प्रवाळ दाखवितात, होड्या चालवितात किंवा घरातील दोन खोल्या न्याहारीसह भाड्याने देतात. मुलगा गावात राहिला याचे समाधान मोठे आहे. पण रापणीच्या दोराला लागणारे हातही तेच होते. शिवाय पर्ससीन व प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीमुळे किनाऱ्याजवळची मासळी आटली, हे पारंपरिक मच्छीमारांचे गाऱ्हाणे आहेच. त्यांच्या हितासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, आणि २०२१ मध्ये त्यातील दंडाच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. कायद्याचा धाक किनाऱ्यापासून काही मैलांवर, रात्रीच्या अंधारात कितपत पोहोचतो, यावर रापणकरांचे भवितव्य अवलंबून आहे.

स्वतः वाळूचा पट्टाही आता निर्धास्त राहिलेला नाही. एका अंगाला कर्ली नदी व दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या भूमीवर वसलेल्या देवबागला पावसाळ्यातील उधाणाचे भय असते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने घरे, होड्या व माड यांची मोठी हानी केली. बंधारा घातला तर घर वाचते. पण होडी ओढावयास आणि जाळे पसरावयास वाळू उरत नाही. दगडी बंधारा कोठे असावा आणि कोठे किनारा मोकळा ठेवावा, हा प्रश्न म्हणूनच येथे घराघरांतून चर्चिला जातो.

पावसाळा लागला की किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, जलक्रीडा बंद होतात आणि पाहुणेही ओसरतात. झापांच्या आडोशाला बसून जाळ्यांची डागडुजी चालते. पर्यटकांना समुद्र दाखविणारा तरुणही तेव्हा वडिलांशेजारी बसून फाटलेले जाळे विणीत असतो.