आचेमधील परदेशी सैन्ये

26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने इंडोनेशियाच्या आचे प्रांताचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा स्वातंत्र्यासाठी 1976 पासून लढणारी 'गाम' ही बंडखोर संघटना आणि सरकारी फौजा यांच्यातील संघर्षामुळे तो प्रांत परदेशी लोकांना जवळपास बंदच होता. बांदा आचेहून मेउलाबोहकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता पुलांसह वाहून गेल्याने तुटलेल्या गावांपर्यंत तांदूळ आणि पाणी पोहोचवण्यास हेलिकॉप्टर हाच तातडीचा मार्ग उरला, आणि इतकी हेलिकॉप्टरे ताबडतोब पाठवण्याची क्षमता परदेशी सैन्यांकडेच होती. म्हणूनच अमेरिकेची 'अब्राहम लिंकन' ही विमानवाहू नौका नववर्षाच्या आरंभीच किनाऱ्याजवळ पोहोचली. भारतीय नौदलानेही सागरी सर्वेक्षणाचे 'निरूपक' हे जहाज रुग्णालयात रूपांतरित करून मेउलाबोहला धाडले.

तथापि, यजमान देशाला सार्वभौमत्वाची, म्हणजे आपल्या भूमीवर आपलीच सत्ता चालण्याची, चिंता होती, आणि ती अवास्तव म्हणता येणार नाही. अमेरिकी मरीन सैनिकांनी किनाऱ्यावर शस्त्रे न बाळगण्याचे व तळ न ठोकण्याचे मान्य केले, तर परदेशी सैन्यांच्या माघारीसाठी 26 मार्च 2005 ही तारीख सांगितली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकार आणि 'गाम' यांच्यात हेलसिंकी येथे शांतता करार झाला. मात्र त्याचे सारे श्रेय लाटेला किंवा मदतीला देणे अन्यायाचे ठरेल, कारण वाटाघाटींसाठीचे गुप्त संपर्क त्सुनामीपूर्वीच सुरू झाले होते.