विश्लेषण : येरवड्यात रात्री नदीचे काय होते? चोवीस तास पाणी मोजणारी यंत्रे का हवीत?

संगमानंतर मुळा-मुठा येरवडा आणि बंडगार्डनच्या मधून वाहते. बंडगार्डन, मुंढवा पूल अशा ठिकाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक काळाने पाण्याचे नमुने घेते. मात्र दोन नमुन्यांच्या मधल्या काळात नदीत काय घडले, हे त्यातून कळत नाही.

रात्रीची नोंद का महत्त्वाची?

दिवसा उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री ते थांबते. पण शेवाळ, मासे आणि सांडपाणी कुजवणारे जिवाणू प्राणवायू वापरतच राहतात. त्यामुळे पहाटे पातळी सर्वांत खाली जाते. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. केंद्रीय मंडळाच्या निकषांनुसार माशांसाठी किमान ४, तर आंघोळीसाठी ५ मिलिग्रॅम हवा. दुपारचा नमुना या कसोटीला उतरला, तरी पहाटे मासे गुदमरू शकतात.

यंत्र काय मोजते?

पाण्यातील संवेदक प्राणवायू, सामू, तापमान, गढूळपणा आणि विद्युतवाहकता मोजतात आणि दर काही मिनिटांनी मोबाइल नेटवर्कवरून नोंद पाठवतात. विरघळलेले क्षार वाढले की वाहकता वाढते. खाडीत याच मोजणीवरून भरती-ओहोटीचा खारेपणा कळतो. येरवड्यात तिची अचानक उसळी सांडपाणी मिसळल्याचा इशारा ठरू शकते. गंगेवर केंद्रीय मंडळाने अशी केंद्रे उभारली आहेत.

मग प्रयोगशाळा कशाला?

‘बीओडी’ म्हणजे जैविक प्राणवायू मागणी मोजण्यासाठी आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. यंत्र अतिनील प्रकाशावरून तिचा फक्त अंदाज देते. मैलाजन्य जिवाणूंची खात्रीही प्रयोगशाळेतच होते.

अडचणी कोणत्या?

संवेदकावर शेवाळ आणि गाळाचा थर बसला की आकडे चुकू लागतात. जलपर्णी अडकते, पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की यंत्र वाहून जाण्याची भीती असते. म्हणून यंत्राच्या किमतीइतकीच नियमित साफसफाई आणि तपासणीची तरतूद महत्त्वाची.

एक यंत्र पुरेल का?

नाही. येरवड्यात आकडा घसरला, तर दोष कुणाचा? पवनेला पोटात घेऊन पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्या मुळेचा, की पुण्याच्या मध्यभागातून येणाऱ्या मुठेचा? त्यासाठी संगमाच्या वर दोन्ही नद्यांवर एकेक आणि खाली एक, अशी किमान तीन केंद्रे हवीत. ‘जायका’च्या अर्थसाह्याने होणाऱ्या सुमारे ९९० कोटींच्या प्रकल्पाला २०१६मध्ये मंजुरी मिळाली. त्यात दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आहेत. त्यांचा उपयोग किती झाला, हे अखेर नदीच्या पाण्यातच दिसायला हवे. पहाटे तीनला आकडा घसरल्यावर कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचे, हे आधी ठरले नसेल, तर यंत्र नुसती नोंद ठेवत राहील.